गेटावरचा दिवस

(दृश्य: लोअर परळ, पहाट. टॉवरांच्या गर्दीत बंद कापड गिरणीची एकटी चिमणी, म्हणजे धुराडं.)

ही चिमणी आता नुसती उभी आहे. खालची दगडी कमान मात्र शाबूत आहे. आपली गोष्ट कमानीच्या आतली नाही, बाहेरच्या या फुटपाथवरची आहे.

सातच्या भोंग्याआधी इथं माणसांचा लोंढा यायचा. कायमवाले सरळ आत जायचे. विणणारा साच्यावर, सूत कातणारा त्रासनात. बदलीवाले कडेला थांबायचे. कोणी गावाला गेलं, कोणी तापानं पडलं, कोणाची रात्रीची उतरली नाही, की त्याच्या जागी यांच्यातला एक आत. बाकीच्यांना ‘जागा नाही’ एवढं ऐकून चालायला लागायचं. खानावळीचा महिना मात्र दोघांनाही सारखाच.

(दृश्य: चाळीतली खोली. पत्र्याचा डबा उघडणारे हात.)

काकांनी जपून ठेवलेला हा बदली पास. घडीवर फाटला म्हणून मागून खाकी कागद डकवलाय. कोपऱ्यातला काळपट डाग बघा. अंगठ्याचा आहे. रोज तिथंच धरायचा पास.

या पासालाही इतिहास आहे. आधी बदली भरायची ती जॉबरनं, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमानं. त्याच्या गावचा, त्याच्या मर्जीतला, त्याला दस्तुरी, म्हणजे चिरीमिरी, देणारा आधी आत जायचा. जॉबरच्या या सत्तेवर कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगानं 1931 च्या अहवालात ठपका ठेवला. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेनं बदली नियंत्रणाची पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना पास द्यायचे, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची. जॉबरचा हात आखडला, हे खरंच. पण रोज यायचं हे त्या दिवसापासून लेखी झालं. नुसतं येण्याचे पैसे कुठंच लिहिलेले नव्हते.

(दृश्य: कायद्याचं जुनं पुस्तक. पानावर बोट.)

1953. गिरण्यांमध्ये माल साचला, ले-ऑफचं, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याचं, संकट आलं. ऑक्टोबरात वटहुकूम निघाला आणि त्याचा पुढं औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25-सी झाला. मालकाकडे काम नसेल, तर ले-ऑफ दिलेल्या कामगाराला पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे मालकानं द्यायचे. खिसा मालकाचा. जबाबदारी म्हणतात ती हीच.

आता बोट कुठं थांबलंय बघा. ‘बदली आणि नैमित्तिक कामगार सोडून.’

याच कायद्याची पुढची अट होती, की ले-ऑफवरच्या कामगारानं ठरल्या वेळी दिवसातून एकदा कामावर हजेरी लावली पाहिजे, तरच पैसे. म्हणजे कायमवाला गेटावर येऊन परत गेला तर निम्मा पगार. त्याच गेटावरून, त्याच वेळी बदलीवाला परत गेला तर काही नाही. पळवाट एकच, वर्षभराची सलग सेवा. त्यासाठी बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं पाहिजे. आणि आज कोणाला आत घ्यायचं, हे ठरवणारा गेटाच्या आतला.

(दृश्य: 1982 चे मोर्चे, जुनी छायाचित्रं.)

18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप. मागण्यांमध्ये बदली कामगारांना कायम करा, हीही होती. पुढं गिरण्या गेल्या.

(दृश्य: रात्रीचा मॉल, सरकता जिना, दुकानातले दिवे.)

गिरणीच्या जमिनीवरचा हा मॉल. शनिवार-रविवारी इथं जादा मुलं-मुली लागतात. ती ठेकेदारामार्फत येतात. त्यांच्यासाठी कर्मचारी राज्य विमा आहे, त्यात 2018 पासून बेरोजगारी भत्ताही आहे. नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा. ठेकेदाराच्या माणसाचा विमा हप्ता भरण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावरच येते. हैदराबादच्या रॉयल टॉकीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1978 सालीच थिएटरच्या कॅन्टीन आणि सायकल स्टँडवरच्या माणसांबद्दल हे सांगून टाकलंय.

तर समजा, इथल्या एका मुलीला महिन्याला आठ दिवस काम आणि 4,800 रुपये पगार. विम्यासाठी मुलीचे 36 रुपये कापले जातात, मालकाचे 156 भरले जातात. पण भत्त्यासाठी नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत 78 दिवसांचा हप्ता भरलेला हवा, आणि आधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तितकाच. सहामाहीचे आठवडे 26. आठवड्याला तीन दिवस काम मिळालं तर बरोबर 78. दोन दिवस मिळालं तर 52.

मालकाची सही मिळेना म्हणून दावे अडायचे, ते 2020 मध्ये सुटलं. दावा आता थेट विमा कार्यालयात करता येतो. तिसरा दिवस द्यायचा की नाही, ते मात्र अजून दुकानातच ठरतं. आणि त्या जुन्या कायद्याच्या जागी 2025 च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ले-ऑफच्या कलमात ‘बदली कामगार सोडून’ जिथल्या तिथं आहे.

(दृश्य: दुकानामागची अरुंद खोली. मुलगी डबा उघडून बसली आहे, मोबाइल मांडीवर पालथा.)

गुरुवार आहे. या शनिवारी यायचं की नाही, याचा मेसेज रात्री येतो.