उपकरणांच्या म्युझियममध्ये आधी मागे जा!

नमस्कार मंडळी! "ताई, जुन्या वैज्ञानिक उपकरणांचं म्युझियम म्हणजे सगळं पितळच, त्यात बघायचं काय?" ही कमेंट इतक्या वेळा आलीये की आज बसलेच कॅमेऱ्यासमोर.

बॅग लॉकरमध्ये, फ्लॅश बंद, काचेला हात लावायचा नाही. माहितीये तुम्हाला. पुढे.

प्रत्येक कपाटापुढे एकच विचारा: यात डोळा कुठे लावत असतील?

अ‍ॅस्ट्रोलेब घ्या, म्हणजे यंत्रराज, सूर्य-ताऱ्यांवरून वेळ काढायचं जुनं यंत्र. तो बहुतेकदा नक्षीदार जाळी पुढे करून मांडलेला असतो. आपण "वा, काय कारागिरी!" म्हणतो, फोटो काढतो आणि निघतो. अहो, डोळा मागच्या बाजूला लागतो! तिथे एक फिरती पट्टी असते, तिला दोन उभे कान आणि कानांना भोकं. यंत्र कडीला धरून लोंबतं ठेवायचं, दोन्ही भोकांतून तारा दिसेपर्यंत पट्टी फिरवायची आणि कडेवरचे अंश वाचायचे. ही ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची. त्यानंतर पुढच्या जाळीचं काम: जाळीवरचं त्या ताऱ्याचं टोक खालच्या तबकडीवरच्या तेवढ्याच उंचीच्या रेषेवर आणायचं आणि जाळीवरच्या सूर्याच्या त्या दिवसाच्या जागेवरून वेळ काढायची. म्हणजे नक्षीचा नंबर दुसरा!

"मग सूर्य बघताना डोळे जात नसतील?" असं एकाने विचारलंय. छान प्रश्न. सूर्याकडे बघायचंच नाही. वरच्या भोकातलं ऊन खालच्या भोकावर पडलं की झालं.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या बोअरहावे म्युझियममध्ये लेव्हेनहूकचे, म्हणजे सूक्ष्मजंतू पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाचे, सूक्ष्मदर्शक आहेत. लोक तिथे नळी शोधतात. नळी नाहीच! बोटभर पितळी पट्टी, तिच्यात मण्याएवढं एकच भिंग, पलीकडे स्क्रूच्या टोकावर नमुना. पट्टी अगदी डोळ्याला भिडवून उजेडाकडे बघायचं. हे ठाऊक नसलं की "एवढंसं?" म्हणून माणूस पुढे जातो.

आणि फ्लॉरेन्सच्या म्युझेओ गॅलिलेओबद्दल कमेंट कसल्या, तर "गॅलिलिओचं बोट बघितलं का?" हो, काचेच्या अंड्यात खरंच त्याचं बोट ठेवलंय. पण त्याच इमारतीत त्याच्या दोन दुर्बिणी आहेत हो! डोळ्याकडचं टोक शोधा. अशा दुर्बिणीत एका वेळी अख्खा चंद्रसुद्धा मावत नसे, आणि तसल्याच नळीतून त्याने १६१० मध्ये गुरूचे उपग्रह टिपले. बोटाचं काय घेऊन बसलात!

तर कपाट मोकळं उभं असेल तर वळसा घालून मागे जा. भिंतीला टेकलेलं असेल तर आत आरसा लावलाय का बघा. फलक नंतर वाचा.