आधी हात, मग पेन्सिल

(दृश्य: डहाणू तालुक्यातला एक पाडा. अंगणवाडीची पडवी. ताटात कालवलेल्या बिया.)

चिकूच्या बिया काळ्या, तुळतुळीत. चिंचोके तपकिरी, वाल पांढरट. सगळं एका ताटात कालवलेलं, आणि समोर तीन करवंट्या. चार वर्षांची ही मुलगी बऱ्याच वेळापासून निवडत बसली आहे. तिला कुणी बसवलेलं नाही. ताट तिनंच फळीवरून उचलून आणलं.

तिच्या चिमटीकडे बघा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. बी निसटते, ती पुन्हा पकडते, वाल चुकून चिंचोक्यांत पडला तर परत काढते. पुढे पेन्सिल याच तीन बोटांत यायची आहे. बोटांची ताकद, नजरेची आणि हाताची जोडी, एका जागी मन लावून बसणं, हे सगळं आत्ता इथं तयार होतंय.

आपल्याकडे घाई असते ती लिहिण्याची. "ताई, पोरगा लिहायला कधी लागणार?" हा प्रश्न इथल्या ताईंना रोज ऐकावा लागतो. त्यात पालकांची चूक काढायची नाही. ज्यांना स्वतःला शाळा धड मिळाली नाही, त्यांना मुलाच्या वहीत अक्षर दिसलं की हायसं वाटणारच. पण मूल जन्मतं तेव्हा त्याच्या मनगटातली आठही हाडं कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीक असतात. ती एकेक करून टणक होत जातात आणि सगळी व्हायला साधारण दहा-बारा वर्षं जातात. तीन वर्षांच्या मुलाकडून पानभर 'अ' गिरवून घेणं म्हणजे ओल्या भिंतीवर स्लॅब टाकणं. हात दुखतो, अक्षर बिघडतं आणि मूल शाळेलाच घाबरायला लागतं.

(दृश्य: मोरीजवळ बसलेला मुलगा. दोन पेले, एक छोटा तांब्या.)

हा साडेतीन वर्षांचा. तांब्यातलं पाणी दोन पेल्यांत सारखं ओतायचं, एवढंच काम. पहिला पेला भरून वाहिला आणि पाणी पायावर आलं. मदतनीस पुढे झाल्या होत्या, ताईंनी नुसत्या मानेनं त्यांना थांबवलं. आता बघा. तो उठतो, खिळ्यावरचं फडकं घेतो, पुसतो. मग मोरीत नेऊन दोन्ही मुठींनी पिळतो, पुन्हा पिळतो, आणि येऊन परत ओतायला बसतो. या खेपेला तांब्या हळू कलतो. कुठे थांबायचं, हे पाण्यानंच त्याला शिकवलं. ताई तोंडानं कितीही सांगत्या, तरी ते असं मनगटात उतरलं नसतं.

(दृश्य: बोर्डीचा किनारा. नंतर कोसबाडची टेकडी.)

या कामाची मुळं याच मातीत आहेत. इटलीत मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडलं. मुलं हातानं शिकतात, हे त्यांनी जगाला दाखवलं. भावनगरला वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं, आणि तिथं त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या ताराबाई मोडक. 1945 मध्ये ताराबाई याच डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालवाडीच्या कामासाठी आल्या. शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं.

अडचण अशी होती, की मुलं बालवाडीत येतच नव्हती. कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरत होतं, कुणी गुरांमागे. मग बालवाडीच उठून पाड्यावर गेली. घरासमोरच्या अंगणात मुलं जमवायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची आणि हाताला लागेल त्या वस्तूंनी शिकवायचं. अंगणात भरते ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढल्या. माँटेसरींचा गुलाबी मनोरा म्हणजे दहा लाकडी ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. तसलं महागडं साहित्य पाड्यावर कुठून आणणार? म्हणून खडे आले, शिंपले आले, पानं, बिया आल्या. मला हे ताराबाई-अनुताईंचं सर्वांत मोठं काम वाटतं. त्यांनी तत्त्व घेतलं आणि साहित्य गावातून उभं केलं. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांचं नावही अंगणवाडीच ठेवलं गेलं.

(दृश्य: चटईवर चिंचोक्यांच्या दोन ओळी.)

आता हा खेळ जरा निवांत बघू. ताईंनी सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, अगदी समोरासमोर. "सारखे आहेत का रे?" चार वर्षांचा मुलगा म्हणतो, "सारखे." ताईंनी त्याच्यादेखत खालच्या ओळीतले चिंचोके जरा लांब-लांब सरकवले. एकही वाढवला नाही, एकही काढला नाही. "आता?" तो लगेच खालच्या ओळीवर हात ठेवतो. "इथं जास्त."

या वयाची बहुतेक मुलं असंच सांगतात. ओळ लांब दिसली की चिंचोके वाढले, असं त्यांना वाटतं. हाच मुलगा वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो बरं का! ताई "चूक" म्हणत नाहीत. "वरच्या प्रत्येकाला खालचा एक जोडीदार देऊन बघ," एवढंच सांगतात. तो जोड्या लावतो. एकही उरत नाही. तो ताईंकडे बघतो, ओळ पुन्हा पसरवतो, पुन्हा जोड्या लावतो. उद्या परत "इथं जास्त" म्हणेल, परवाही म्हणेल. कधीतरी एके दिवशी हसून म्हणेल, "तेवढेच आहेत की." पाढे त्यानंतरचे.

खेळ संपला की ताई चिंचोके मोजून डब्यात भरतात. एक कमी भरला तरी चटई झटकायची, मुठी उघडून बघायच्या. नाकात बी गेली तर डॉक्टर जवळ नाही. म्हणून तीन वर्षांखालच्यांच्या हाती बिया द्यायच्याच नाहीत. त्यांना करवंट्या, मोठे बांबूचे तुकडे, मळलेली माती.

(दृश्य: ताटात पसरलेली बारीक वाळू. एक बोट 'ग' काढतंय.)

अक्षरंही येतात, पण अशी. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पॉलिशपेपरच्या 'ग'वरून बोट फिरवायचं, तोंडानं आवाज काढायचा, मग तेच बोट वाळूत. पूर्वी आपल्याकडे धुळपाटीवर अक्षरं काढत ती अशीच. बिघडलं तर ताट हलवायचं, झालं. खाडाखोड नाही, लाल शेरा नाही. आणि 'ग' म्हटल्यावर मुलं जे शब्द सांगतात त्यांतले काही वारली बोलीतले असतात. ताई तेही फळ्यावर घेतात. घरची भाषा दाराबाहेर ठेवून आलेलं मूल वर्गात बोलणारच नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 2020 मध्ये तीन ते सहा हे वय शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात घेतलं. कागदावर ते योग्यच झालं. पण याच ताईंना पोषण आहार बघायचा, वजनं घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायचं आणि मोबाइलवर माहिती भरायची असते. एका खोलीत तीन वयांची मुलं, आणि त्यातून मुलांजवळ नुसतं बसून बघायला वेळ उरतो तो थोडा. हे काम ज्या वेळेवर उभं आहे, तोच आपण त्यांच्याकडून काढून घेतोय.

(दृश्य: पाड्याबाहेर उभा टेम्पो. भांडी, गोधड्या, कोंबड्या.)

दिवाळी झाली की यांतली काही घरं वीटभट्टीवर जातात. बिया निवडणारी ती मुलगीही जाईल, थेट पावसाच्या तोंडावर परतेल. भट्टीजवळ माती आहे, वाळू आहे, पाणी आहे, खडे तर हवे तेवढे. तिच्याजवळ रोज दोन तास बसेल अशी प्रशिक्षित, पूर्ण पगाराची ताई तिथं नाही. ऐंशी वर्षांपूर्वी बालवाडी पाड्यावर चालत गेली होती. या हंगामात ती भट्टीवर जायला हवी, आणि त्यासाठीच्या नेमणुका दिवाळीआधी व्हायला हव्यात.