गाईनं मारल्याचा नंबर

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या वाईकडं कुणाला गाईनं ढुशी दिली, तर हळद लावतात आणि गाईच्या मालकाला चार शब्द सुनावतात. अमेरिकेत दवाखान्याच्या कागदावर त्याला नंबर आहे. डब्ल्यू ५५.२२. त्यापुढं एक्स आणि ए लावला की समजायचं, दुखण्यावर उपचार चालू आहेत. ए च्या जागी डी आला की जखम भरत आलीय, माणूस पुन्हा दाखवायला आलाय. गाय चावली तर ५५.२१. बदकानं मारलं तर त्याचा नंबर आणखी वेगळा. हसू नका, माझं पोट यावरच चालतं.

लग्नानंतर मी टेक्ससला गेले. बी.कॉम. झालेलं, हाताला काम नाही. घरापासून दोन मैलांवर कम्युनिटी कॉलेज होतं. या कॉलेजांना पूर्वी तिकडं ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणत, पण आपली अकरावी-बारावी डोळ्यांपुढं आणू नका. पहिलं सरकारी कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जॉलिएट गावात निघालं, तेही सहा विद्यार्थ्यांवर. बारावीनंतरची दोन वर्षं गावातच शिका, मग पुढं विद्यापीठात जा, अशी ती सोय. कम्युनिटी कॉलेज हे नाव रूढ झालं ते १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाच्या अहवालानंतर. प्रवेशाला मेरिट लिस्ट नाही की कट-ऑफ नाही. अर्ज भरा आणि या.

त्यामुळं वर्गात कोण कोण! संध्याकाळी साडेसहाला माझ्या पुढच्या बाकावर शाळेत शिकणारा सोळा वर्षांचा पोरगा, मागं साठी ओलांडलेला ट्रक ड्रायव्हर, दाराशी ड्युटी संपवून त्याच निळ्या कपड्यांत आलेल्या नर्सबाई. मधल्या सुट्टीत सगळे मशिनमधल्या चिप्स खायचे. मी डब्यातली पोळीभाजी खायचे, आणि ड्रायव्हरकाका रोज विचारायचे, आज काय आणलंय?

माझा विषय हेल्थ इन्फर्मेशन. नाव ऐकून सासूबाईंना वाटलं, सून हात धुवायला शिकवणार. तसं नाही. डॉक्टर लिहितात, त्या लिहिण्याचे नंबर करायचे. विमा कंपनी पैसे देते ते त्या नंबरांवर. आधी आजारांचे सुमारे १४ हजार कोड होते. १ ऑक्टोबर २०१५ ला नवी यादी लागू झाली आणि ते ७० हजारांच्या घरात गेले. हात मोडला एवढं पुरत नाही. डावा की उजवा, कुठलं हाड, कुठं मोडलं, सगळं हवं. एक अक्षर चुकलं की बिल परत.

आणखी एक शिकले. पेशंटला स्वतःची फाइल बघायला मिळालीच पाहिजे, साधारण तीस दिवसांत. हे १९९६ च्या एका कायद्यातून आलं. आपल्याकडं आजारपणाची फाइल म्हणजे साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, कपाटात वरच्या खणात. तिकडं मात्र ती दवाखान्याकडं असते, म्हणून मागायला कायदा लागतो. दोन्हींत बरं कुठलं, हे माझं अजून ठरलेलं नाही.

इतिहास मी हौसेनं घेतला नव्हता. टेक्ससमधल्या सरकारी विद्यापीठाची पदवी घ्यायची, तर अमेरिकेच्या इतिहासाचे सहा क्रेडिट, म्हणजे दोन कोर्स, कायद्यानंच लागतात. कम्युनिटी कॉलेजात ते स्वस्तात होतात, एवढाच हिशोब. तिथं इतिहासाचे सरळ दोन तुकडे पाडलेत, १८७७ च्या आधीचा आणि नंतरचा. का, तर त्या साली दक्षिणेतल्या राज्यांतलं केंद्राचं लष्कर बाजूला झालं आणि बारा वर्षांपूर्वी गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना वाऱ्यावर सोडलं गेलं. हे ऐकताना मी वहीत १८७३ लिहिलं. त्या साली महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ छापली गेली. ती त्यांनी अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केलं म्हणून. म्हणजे पुण्यातून शाबासकी गेली आणि चारच वर्षांत तिकडं पाणी फिरलं. तास संपल्यावर सरांना सांगितलं. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि फुल्यांचं स्पेलिंग फळ्यावर लिहायला लावलं.

दुसऱ्या तुकड्यात मेकन काउंटी आली. अलाबामातली. १९३२ साली सरकारच्या आरोग्य खात्यानं तिथले सुमारे ६०० काळे पुरुष निवडले. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा गरमीचा आजार होता. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही, ‘तुमचं रक्त बिघडलंय’ एवढंच. उपचार केले नाहीत तर हा आजार माणसाला कुठवर नेतो, ते बघायचं होतं. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा रुळलेला उपचार झाला होता, तरी यांना दिला नाही. शेवटच्या क्रियाकर्माचा खर्च देऊ म्हणाले, बदल्यात शवविच्छेदन करू द्या. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत फुटलं तेव्हा कुठं थांबलं.

मला वाटायचं, असलं काही लपूनछपून चालत असेल. छे! १९३६ पासून डॉक्टरी मासिकांत त्यावर लेख छापून येत होते. तारखा, रक्ताचे रिपोर्ट, मणक्यातून काढलेलं पाणी, सगळं कागदावर. मंगळवारी हेल्थ इन्फर्मेशनच्या तासाला आम्हाला शिकवत की नोंद पूर्ण हवी, अचूक हवी, वेळेवर हवी. तेवढ्यावर ती फाइल बहुधा पास झाली असती.

त्याच आठवड्यात कोडिंगला संसर्गजन्य आजारांचा धडा निघाला. ए ५२, जुनाट सिफिलिस. खाली हृदयापर्यंत पोचलेल्याचा नंबर वेगळा, मेंदूपर्यंत पोचलेल्याचा वेगळा. माझ्या शेजारच्या नर्सबाई इतिहासालाही माझ्याच वर्गात होत्या. त्यांनी पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक अक्षरात ‘मेकन’ लिहिलं. तोवर मॅडमनी पुढचा पेशंट वाचायला घेतला होता. उजवा पाय, घोट्याजवळ, जिन्यावरून पडून.