स्वमग्न माणसं पडद्यावर: सोलापुरातून पाहताना

[दृश्य: पूर्व भागातली गल्ली. यंत्रमागांची खटखट. निवेदन सुरू होताना आवाज खाली येतो.]

सोलापुरात एखाद्या घरी मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे असं कळलं, की येणाऱ्या-जाणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मग गणितात लई हुशार असेल की ओ?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याने सिनेमात तसं पाहिलेलं असतं. आईच्या पुढ्यात मात्र वेगळीच कामं असतात. पोरगा पांढऱ्या भाताशिवाय काही तोंडात घेत नाही. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून कॉटखाली शिरतो. आणि शाळेतून पुन्हा बोलावणं आलेलं असतं.

हा प्रश्न आला कुठून ते शोधायला गेलं, की १९८८ सालापर्यंत मागे जावं लागतं.

[दृश्य: फरशीवर सांडलेल्या दात कोरायच्या काड्या.]

'रेन मॅन'. दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन, रेमंड या स्वमग्न माणसाच्या भूमिकेत डस्टिन हॉफमन. हॉटेलात काड्यांची डबी खाली सांडते आणि रेमंड क्षणात आकडा सांगतो, २४६. डबी २५० काड्यांची, चार आतच राहिलेल्या. पुढे लास व्हेगासच्या जुगारघरात तो पत्ते लक्षात ठेवून भावाला पैसे जिंकून देतो. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. ऑटिझम हे नावही न ऐकलेल्या कितीतरी लोकांना ते या चित्रपटामुळे कळलं, हे त्याचं श्रेय नाकारता येणार नाही. पण त्या नावाला लोकांच्या मनात एकच चेहरा चिकटला, काड्या मोजणाऱ्या माणसाचा.

रेमंड सुचला तो किम पीक या अमेरिकन माणसावरून. पीक यांची स्मरणशक्ती अफाट होती, हजारो पुस्तकं त्यांना तोंडपाठ होती. मात्र ते स्वमग्न नव्हते. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणारा दुवा त्यांना जन्मतःच नव्हता. असलं विलक्षण कौशल्य स्वमग्न माणसांपैकी थोड्यांकडेच असतं. आणि चित्रपटाचा शेवट आठवा. रेमंड गाडीत बसून पुन्हा संस्थेत राहायला जातो. सगळ्या जगाने डोक्यावर घेतलेल्या या माणसाला घर मिळत नाही. मला काड्यांपेक्षा हे जास्त सलतं.

हिंदीत २०१० साली 'माय नेम इज खान' आला. शाहरुख खानच्या रिझवानला अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम आहे. हे निदान २०१३ पासून अमेरिकेच्या मानसोपचार वर्गीकरणात वेगळं राहिलं नाही, ते ऑटिझमच्या वर्णपटातच (स्पेक्ट्रम) धरलं जातं. रिझवान प्रेम करतो, लग्न करतो, एकट्याने प्रवास करतो. आपल्याकडच्या कितीतरी आई-वडिलांना त्याने धीर दिला असेल. तरी त्यालाही साधं जगू दिलेलं नाही. त्याला थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेटायला निघावं लागतं. 'बर्फी' २०१२ चा. त्यातल्या प्रियांका चोप्राच्या झिलमिलकडे कसलाही चमत्कार नाही. ती रुसते, हट्ट करते, जीव लावते, आणि गोष्ट तिला तेवढ्यावर स्वीकारते. म्हणून ती मला रिझवानपेक्षा जवळची वाटते. 'तारे जमीन पर'चं नावही या यादीत हमखास येतं, पण त्यातल्या ईशानला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, आहे, स्वमग्नता नव्हे.

यांतल्या प्रत्येक चित्रपटात भूमिका करणारा नामवंत नट आहे. स्वमग्न माणूस एकातही नाही.

[दृश्य: जेऊरचं रेल्वे स्टेशन, मग करमाळ्याकडे जाणारा रस्ता.]

याचं महत्त्व सोलापूर जिल्ह्याला समजावून सांगायची गरज नाही. जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' केला, पुढे २०१६ मध्ये 'सैराट' केला. अकलूजच्या रिंकू राजगुरूने आर्चीला आपली बोली दिली. कॅमेऱ्यापुढे कधी न उभी राहिलेली इथली पोरं पडद्यावर आली, तेव्हा लोकांना कळलं की शहरातले नट आजवर आपली नक्कल करत होते. स्वमग्न माणसांच्या वाट्याला अजून बहुतेक नक्कलच येते आहे.

नक्कल करताना काय हातून होऊ शकतं, ते २०२१ च्या 'म्युझिक' या चित्रपटात दिसलं. गायिका सिया हिने तो दिग्दर्शित केला. नायिका स्वमग्न, नटी स्वमग्न नाही. मुलगी अनावर झाल्यावर तिला अंगाखाली दाबून धरण्याची दृश्यं त्यात होती. असं दाबून धरल्याने जीव जाऊ शकतो. स्वमग्न लोकांनी आणि त्यांच्या संघटनांनी कडाडून आक्षेप घेतला, आणि सियाला माफी मागावी लागली. सेटवर त्यांच्यापैकी एखाद्याचा शब्द ऐकला गेला असता, तर ती दृश्यं झालीच नसती.

याच्या उलट वाट माहितीपटांनी बरीच आधी धरली होती. १९९२ साली टिम वेब यांनी ब्रिटनच्या चॅनल फोरसाठी 'ए इज फॉर ऑटिझम' हा छोटा अ‍ॅनिमेशनपट केला. त्यातली चित्रं स्वमग्न माणसांनी काढलेली आहेत, आवाजही त्यांचेच. २०२० चा 'द रीझन आय जम्प' जपानच्या नाओकी हिगाशिदा या स्वमग्न लेखकाच्या पुस्तकावर आधारलेला आहे. त्यात भारतातली अमृत चित्रं काढताना दिसते. काहीजण अक्षरफलकावर बोट ठेवून बोलतात. या पद्धतीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, ते ध्यानात ठेवूनच तो भाग पाहावा. मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं ते ध्वनीचं काम. पंख्याची घरघर, पावसाचे थेंब, विजेच्या पेटीचा गुणगुणाट, सगळं एकदम कानावर येतं. आपले कान नको ते आवाज आपोआप मागे सारतात. ते मागे सरलेच नाहीत तर काय होईल, हे बसल्या जागी अंगावर येतं.

[दृश्य: गड्ड्याची जत्रा. पाळणे, पिपाण्या, दिव्यांच्या माळा.]

हा माहितीपट पाहिल्यावर सिद्धेश्वरची गड्डा यात्रा वेगळी ऐकू येते. तिथे धाय मोकलून रडणाऱ्या पोराला 'लाडावलंय' म्हणून मोकळं होता येत नाही. यंत्रमागाचंही तसंच. तीच खटखट एका मुलाला असह्य होते, आणि दुसरं मूल तिच्या तालावर डुलत शांत बसतं.

आपल्याकडे २०२५ मध्ये 'सितारे जमीन पर' आला. बास्केटबॉलच्या संघातले दहाही खेळाडू बौद्धिक वा विकासात्मक वेगळेपण असलेल्या कलाकारांनीच उभे केले. गोष्ट अर्थात प्रशिक्षकाच्या सुधारण्याचीच आहे, ही माझी तक्रार राहील. पण दार उघडलं. कायद्यातही दार असंच उशिरा उघडलं होतं. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. ते २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत आलं.

सोलापूरच्या घरात एक गोष्ट आहे, जी मला अजून कुठल्याही चित्रपटात दिसलेली नाही. आजी तेलुगूत बोलते, गल्ली मराठीत, शेजारीण कन्नडमध्ये. मूल बोलत नाही, आणि सगळे आईला सांगतात, "इतक्या भाषांनी गोंधळलंय ते." आतापर्यंतच्या अभ्यासांत असं आढळलेलं नाही, पण दोष आईच्या पदरात पडून गेलेला असतो. आईला बोल लावायची ही खोड जुनी आहे. गेल्या शतकात मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईच्या थंडपणाला कारण ठरवत होते.

आणि ही मुलं मोठी होतात. चाळिशीचा स्वमग्न माणूस सिनेमात क्वचितच दिसतो. म्हाताऱ्या आई-वडिलांच्या मनात रात्रंदिवस एकच घोर असतो, "आमच्यामागं याचं कोण?"

[दृश्य: टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालणारे हात.]

या व्हिडिओत मूल अनावर होऊन रडतानाचं एकही दृश्य नाही. आम्ही ते मुद्दाम घेतलं नाही. तुम्हीही आपल्या मुलांचे तसे व्हिडिओ कुठे टाकू नका, ही विनंती. जिल्ह्यात आज ज्या पोरांच्या हातात कॅमेरा आहे, त्यांच्याकडे मात्र एक मागणं आहे. टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या, ठरल्या वेळी चहा न मिळाल्यास बेचैन होणाऱ्या एखाद्या माणसाची गोष्ट करा. संहिता लिहितानाच त्याला शेजारी बसवा, आणि भूमिका त्याच्यासारख्यालाच द्या.