गरम दिवा, गार दिवा

इथे टेबलावर नऊ-नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब लावलेत. एक पिवळसर, दुसरा निळसर पांढरा. यांतला जास्त तापमानाचा कोणता? पिवळा म्हणणारे हात बरेच वर आले. आता खोकी बघा. पिवळ्यावर २७०० केल्विन छापलंय, पांढऱ्यावर ६५००. केल्विन हे तापमानाचं एकक.

लोहाराचा भाता आठवा. लोखंड तापत जातं तसं आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं, शेवटी पांढरं दिसतं. म्हणजे तापमान चढतं तसा उजेड निळ्याकडे सरकतो. ज्या उजेडाला आपण उबदार म्हणतो तो या हिशेबात कमी तापमानाचा. ऊब शेकोटीच्या आठवणीतली, भौतिकशास्त्रातली नव्हे.

जुन्या तारेच्या बल्बमध्ये हा आकडा जवळपास खरा होता. आतली टंगस्टनची तार सुमारे २७०० केल्विनला, म्हणजे चोवीसशेहून जास्त अंश सेल्सिअसला तापलेली असायची. टंगस्टन वितळतं ३४२२ अंश सेल्सिअसला. त्यामुळे ६५०० केल्विनची तार होणंच शक्य नव्हतं. होण्याआधीच तिचं पाणी झालं असतं! एलईडीत मात्र इतकं काहीच तापत नाही. निळा प्रकाश देणारी चिप असते, तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा लेप. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याचसाठी महत्त्वाचं. लेपाचं मिश्रण बदललं की उजेडाची छटा बदलते. तेव्हा खोक्यावरचं तापमान हे नुसतं साम्य आहे: इतक्या तापलेल्या वस्तूसारखा हा उजेड दिसतो, एवढंच.

मग घ्यायचा कोणता? झोपायच्या खोलीत २७०० ते ३०००. ओट्यावर, अभ्यासाच्या टेबलावर ४०००. आपल्याकडे ट्यूबलाइटने ६५०० ची सवय लावली, पण तोच उजेड मंद करून बघा, दिवाणखान्याचा दवाखाना होतो. आणि एका खोलीत दोन छटा मिसळू नका, भिंत डागाळल्यासारखी दिसते.

एक फसवणूक मात्र केल्विनच्या आकड्यात कळत नाही. रस्त्यावरचे जुने सोडियम दिवे आठवतात ना? त्या पिवळ्या उजेडात लाल गाडी आणि तपकिरी गाडी ओळखू यायची नाही. उजेडात जे रंग नाहीत ते वस्तूवरून परत येणार कुठून? हे मोजतात सीआरआयने, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याच्या गुणांनी, शंभरपैकी. साडी घेताना बायका ती दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बघतात, तेव्हा त्या हीच परीक्षा घेत असतात. दुकानदार कंटाळतो, तो भाग वेगळा.

ट्यूबच्या टोकाशी बऱ्याचदा तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ८६५. त्यातला आठ म्हणजे सीआरआय ऐंशीच्या घरात, पासष्ट म्हणजे ६५०० केल्विन. घरी गेलात की स्टूल घ्या आणि आपली ट्यूब काय म्हणते ते वाचा. आधी बटण बंद करा.