हिशोबाचं ॲप दुकानात तपासायचं कसं? चुकलेलं बिल हातात द्या

नमस्कार. मुंबईच्या लोहार चाळीतलं एखादं इलेक्ट्रिकचं दुकान डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाइकाशी भाव ठरला ११८० रुपये, टॅक्स धरून. काउंटरवरच्या माणसाने ॲपमध्ये दराच्या जागी ११८० टाकले, १८ टक्के निवडलं आणि बिल आलं १३९२ रुपये ४० पैशांचं. गिऱ्हाईक समोर उभं. आता हा माणूस काय करतो? 'टॅक्ससहित' असा पर्याय ॲपमध्ये कुठेतरी असतो, पण तो शोधत बसायला वेळ कुणाला आहे? तो कॅल्क्युलेटर ओढतो, ११८० भागिले १.१८ करतो, १००० येतात, ते दराच्या जागी टाकतो. ९० सीजीएसटी (केंद्राचा वाटा), ९० एसजीएसटी (राज्याचा वाटा), बिल बरोबर.

ॲप बनवणाऱ्यांच्या नोंदीत हे बिल विनातक्रार पार पडलं. कॅल्क्युलेटर त्यांना दिसतच नाही. म्हणून दुकानात जाऊन बघावं लागतं.

छोट्या व्यावसायिकांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर त्यांना खरंच वापरता येतं का, हे कसं तपासायचं, यावर आजचा व्हिडिओ. तुम्ही असं ॲप बनवत असाल, डिझाइन शिकत असाल किंवा एखाद्या व्यापारी संघटनेसाठी सॉफ्टवेअर निवडत असाल, तर तुमच्या कामाचा आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं: बिल बनवता येतं का हे तपासण्यात वेळ घालवू नका. चुकलेलं बिल दुरुस्त करता येतं का, ते तपासा.

कारण हिशोबातली चूक तिथल्या तिथे कळत नाही. समजा दुकानदाराने वापीच्या पार्टीला माल पाठवला. पार्टीचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होतो, म्हणजे गुजरात. आपला २७ ने, महाराष्ट्र. माल राज्याबाहेर गेला, तर आयजीएसटी लागायला हवा. पण ॲपमध्ये राज्य आपोआप महाराष्ट्र आलं आणि सीजीएसटी-एसजीएसटी लागला. बिलाची रक्कम तीच, म्हणून कुणाच्या डोळ्याला खटकत नाही. पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरलं जातं, १४ तारखेला समोरच्या पार्टीचं जीएसटीआर-२बी, म्हणजे तिला मिळणाऱ्या क्रेडिटची यादी, तयार होतं आणि मग वापीहून फोन येतो, की महाराष्ट्राच्या एसजीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट) आम्हाला मिळत नाही. जीएसटीआर-३बी, म्हणजे टॅक्स भरण्याचं रिटर्न, भरायचं बाकी असेल तर जीएसटीआर-१ए मधून दुरुस्ती करता येते. ही सोय २०२४ मध्ये आली. ३बी भरून झालं असेल तर पुढच्या महिन्यात दुरुस्ती दाखवा, आयजीएसटी नव्याने भरा आणि चुकीच्या खात्यात गेलेल्या टॅक्सचा परतावा मागा. चूक दोन सेकंदांची, निस्तरायला महिने. आणि चाचणीच्या दिवशी हाच दुकानदार तुम्हाला मनापासून म्हणाला असता, "एकदम सोपं आहे."

आता माणसं कोण निवडायची, ते बघू. 'छोटा व्यावसायिक' म्हणजे एक माणूस, असं धरून चालणं ही पहिली चूक. एका दुकानात तीन हात त्या सॉफ्टवेअरला लागतात. शेठ, ज्यांना रात्री येणं किती आणि देणं किती एवढंच बघायचं असतं. काउंटरवरचा माणूस, जो बिलं फाडतो. आणि आठवड्यातून एक-दोनदा येणारा अकाउंटंट, जो या दोघांच्या चुका निस्तरतो. तिघांची कामं वेगळी, म्हणून चाचणीत कामं लिहून द्यायच्या चिठ्ठ्याही वेगळ्या.

धंद्यांतही फरक ठेवा. लोहार चाळीत प्रत्येक बिलात दहा-पंधरा आयटम आणि कंपनीगणिक वेगळं डिस्काउंट. मंगलदास मार्केटमध्ये कापडाचे मीटर आणि ठाण. लालबागच्या मिरची गल्लीत किलो-ग्रॅम, शिवाय दळण-कांडपाची मजुरी. धारावीतल्या चामड्याच्या कारखान्यात कच्चा माल बाहेर जॉबवर्कला जातो आणि वस्तू होऊन परत येतो. एकाच गल्लीतली सहा दुकानं बघून 'मुंबईचा व्यापारी असा वागतो' हे लिहू नका.

उलाढाल किती, हे थेट विचारू नका. समोरचा बंद होतो, त्याला वाटतं टॅक्सवाले आले. त्याऐवजी विचारा, "ई-इन्व्हॉइस काढावं लागतं का?" (म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल.) हो म्हणाले तर उलाढाल ५ कोटींच्या वर कधीतरी गेलेली आहे. "रिटर्न दर तीन महिन्यांनी भरता का?" हो म्हणाले तर ५ कोटींच्या आत. तुम्हाला एवढंच हवं असतं.

वेळ? दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. अकाउंटंटला महिन्याच्या ५ ते २२ तारखेदरम्यान बोलावू नका, तो रिटर्नच्या धावपळीत असतो. मार्चअखेर, गणपती आणि दिवाळीचा पंधरवडा सोडून द्या. मानधन पाकिटात घालून सुरुवातीलाच हातात ठेवा आणि सांगा, जमलं नाही तरी हे तुमचंच. नाहीतर माणूस तुम्हाला खूश करायला बघतो.

[स्क्रीनवर: फोनच्या सेटिंगमधलं 'डू नॉट डिस्टर्ब']

स्क्रीन रेकॉर्ड करणार असाल तर आधी हे चालू करा. यूपीआयचे आणि बँकेचे मेसेज वरून सरकतात आणि माणसाची शिल्लक तुमच्या व्हिडिओत येते. खऱ्या पार्ट्यांच्या खात्यावर चाचणी घ्यायचीच नाही. ॲपमध्ये वेगळी कंपनी उघडा आणि त्याच्याच धंद्यातला माल भरून ठेवा: वायर, स्विच, एमसीबी, त्याच भावाचे. 'आयटम १, आयटम २' असलं काही भरलंत, तर दर चुकला हे त्याला कळणार कसं? त्याची नजर भाव ओळखते, आणि चूक पकडण्याचं त्याचं मुख्य हत्यार तेच आहे.

आता चिठ्ठ्या. चाचणीतलं प्रत्येक काम एका कागदावर लिहून द्यायचं, आणि बटणावरचा शब्द कागदावर येऊ द्यायचा नाही. "क्रेडिट नोट बनवा" (म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम पार्टीच्या नावे जमा करणारा कागद) असं लिहिलंत, तर तो ते शब्द स्क्रीनवर शोधून दाबेल. तुम्ही त्याचं वाचन तपासलंत, बस. असं लिहा: "कॉन्ट्रॅक्टरने गेल्या आठवड्यात ४० स्विच नेले. ६ चालेनात म्हणून परत आणलेत. पैसे परत नकोत, पुढच्या मालात वळते करा म्हणतो." आता बघा, तो कुठे जातो. जुनं बिल उघडून ४० चे ३४ करतो? त्या बिलाचं रिटर्न भरलं गेलं असेल तर ॲप त्याला अडवतं का? की गुपचूप बदलू देतं? गुपचूप बदलू दिलं, तर पुस्तकातली विक्री एक आणि रिटर्नमधली वेगळी.

दुसरी चिठ्ठी: "काल काउंटरवर रोखीने बिल केलं. आज गिऱ्हाईक म्हणतं, आमच्या कंपनीचा जीएसटी नंबर टाकून द्या." मुंबईच्या बाजारात हे रोजचं आहे. बरोबर वाट म्हणजे तेच बिल, तोच नंबर, त्यात पार्टी बदलायची. पण ॲपमध्ये रोखीच्या बिलाची पार्टी बदलता येत नसेल किंवा ते बटण सापडत नसेल, तर माणूस सरळ नवं बिल बनवतो. जुनं तसंच राहतं. विक्री दोनदा, टॅक्स दोनदा, स्टॉक दोनदा कमी. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, काउंटरवरचा माणूस खूश, आणि चूक अकाउंटंटच्या नशिबी.

तिसरी चिठ्ठी आमच्या मते सगळ्यात जास्त सांगून जाते. एका पार्टीची तीन बिलं बाकी आहेत: ३२०० रुपये, २७५० आणि १९००. एकूण ७८५०. तिने यूपीआयने ५००० पाठवले. नोंद करा. जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये एकूण बाकी २८५० बरोबरच येते, म्हणून टीमला वाटतं काम फत्ते. पण ते ५००० कुठल्या बिलापोटी जमा झाले? बाजाराची रीत म्हणजे आधी जुनं बिल: ३२०० पूर्ण चुकते, दुसऱ्यात १८०० जमा, त्याचे ९५० राहिले, तिसरं अख्खं बाकी. आता रक्कम नुसती खात्यावर पडून राहिली, कुठल्याच बिलाला लागली नाही, तर ३२०० चं बिल ॲपच्या लेखी थकलेलंच. दोन दिवसांनी ॲप पार्टीला व्हॉट्सॲपवर आपोआप आठवण पाठवतं, 'आपले ३२०० रुपये थकीत आहेत.' पैसे देऊन मोकळी झालेली जुनी पार्टी दुखावते. दुकानदाराला हा धोका रिटर्नच्या दंडाहून मोठा वाटतो आणि त्याचं बरोबर आहे. एकदा असं झालं की तो आठवणीची सोय कायमची बंद करतो, आणि टीमच्या बैठकीत चर्चा होते की 'लोकांना हे फीचर नको आहे'.

काम चालू असताना तुम्ही गप्प बसायचं. तो विचारणार, "हे दाबू का?" तुम्ही म्हणा, "काका, मी इथे नसतो तर काय केलं असतं?" आणि मनात दहा आकडे मोजा. सात-आठवर तो स्वतःच काहीतरी करतो, आणि तेच तुम्हाला बघायचं असतं. मोठ्याने विचार करत काम करा, असं काउंटरवर सांगून उपयोग नाही. समोर गिऱ्हाईक असताना कोण बोलेल? रेकॉर्डिंग नंतर चहा घेताना त्याला दाखवा आणि त्या क्षणी काय वाटलं, ते विचारा.

मध्येच, बिल अर्धं झालेलं असताना, तुमच्या सहकाऱ्याला त्या फोनवर कॉल करायला सांगा. दुकानात हे दिवसभर होतं. फोन ठेवल्यावर अर्धं बिल जागेवर आहे की गेलं? डेटा बंद करून बघा, तळघरातल्या गोदामात रेंज नसते. आणि फोनवर अक्षरं सगळ्यात मोठी करून बघा, पन्नाशीपुढचे बरेच जण तशीच ठेवतात. १,२५,००० चे शेवटचे दोन-तीन आकडे कडेला कापले जात असतील, तर ते ॲप हिशोबाच्या लायकीचं नाही.

मोजायचं काय? 'झालं' आणि 'नाही झालं' एवढे दोन रकाने पुरत नाहीत. चार करा. बरोबर झालं. चुकलं, कळलं, सुधारलं. चुकलं, कळलं, पण सुधारता आलं नाही. आणि चौथा: चुकलं आणि कळलंच नाही. चौथ्या रकान्यात एकही खूण पडली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिच्या मागे लागा. शेजारी एक छोटा रकाना कॅल्क्युलेटरचा ठेवा. स्क्रीनवर बेरीज दिसत असताना माणूस ती परत मारून बघतो, म्हणजे त्या आकड्यावर त्याचा भरवसा नाही. कुठल्या आकड्यापाशी हात कॅल्क्युलेटरकडे गेला, तेही लिहा. राउंड-ऑफ, डिस्काउंट आधी की टॅक्स आधी, आणि टॅक्स धरून दिलेला भाव, या तीन जागा तर नक्की तपासा.

सिस्टिम युझेबिलिटी स्केल, म्हणजे १९८६ मध्ये जॉन ब्रूक यांनी केलेली दहा विधानांची प्रश्नावली, वापरायला हरकत नाही. साधारण सरासरी ६८ धरतात. पण त्यातली निम्मी विधानं उलट्या अर्थाची आहेत, मोठ्याने वाचून दाखवली की गोंधळ होतो, आणि पाहुण्याला वाईट बोलायचं नाही म्हणून गुण चढे येतात. चार रकान्यांच्या शेजारी ठेवा, जागी नको.

'पाच माणसं पुरतात' हे तुम्ही ऐकलं असेल. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांचा तो हिशोब एक गोष्ट गृहीत धरतो: एखादी अडचण प्रत्येक माणसाला सुमारे ३१ टक्के शक्यतेने लागते. तेव्हा पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात. पण दहातल्या एकालाच लागणारी अडचण घ्या. पाच जणांत ती दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. वापीच्या बिलासारख्या महागड्या चुका याच जातीच्या असतात. त्यावर उपाय म्हणजे माणसं पन्नास करणं नव्हे, चूक चिठ्ठीतच पेरणं. राज्य चुकवलेलं बिल आधीच तयार ठेवा आणि सांगा, "या पार्टीचा फोन आलाय, क्रेडिट मिळत नाही म्हणते. बघा काय झालंय." मग पाचही जणांना तीच अडचण लागते. तीन प्रकारचे लोक असतील, तर प्रत्येकी पाच, एकूण पंधरा.

शेवटची भेट अकाउंटंटची, २२ तारखेनंतर, शेठच्या परवानगीने. दुकान प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे आणि ती बंद करता येत नाही. पार्ट्यांची नावं झाकून ती यादी उघडायला सांगा: कुठली नोंद बदलली, किती दिवसांनी, कुणी. मालकी किंवा भागीदारीच्या धंद्यात ही सक्ती नाही, तिथे अकाउंटंटची वही मागा. येणाऱ्या प्रत्येकाकडे एक वही असते, 'विचारायचं आहे' अशा खुणांची. त्या पानांवरून पुढच्या फेरीच्या चिठ्ठ्या लिहायला घ्या.