थकलेलं बिल कुठे जाऊन थांबतं?

श्रोतेहो, नमस्कार.

बाजार मंदावला की माणसं नवी गाडी घेणं लांबवतात, घराची रंगरंगोटी पुढच्या वर्षावर टाकतात. दुखणं मात्र मंदी बघून थांबत नाही. अपेंडिक्स सुजलं, तर ऑपरेशन त्याच रात्री करावं लागतं. म्हणून पुष्कळांना वाटतं की रुग्णालयांना मंदीची झळ लागत नसावी. ती लागते, आणि फार वाईट लागते.

रुग्णालयाचा बराचसा खर्च ठरलेला असतो. निम्म्या खाटा रिकाम्या असल्या तरी रात्रपाळीला सिस्टर लागतातच, आयसीयूतले मॉनिटर चालूच राहतात, ऑक्सिजनची टाकी भरलेलीच ठेवावी लागते. आता मंदीत कमी कोण होतं बघा. गुडघा बदलायचा असलेला, मोतीबिंदू काढायचा असलेला, हर्नियाचा रुग्ण म्हणतो, "बघू चार-सहा महिन्यांनी." रुग्णालयाच्या हाती चार पैसे राहतात ते बहुधा याच, आधीच ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांतून. तातडीचे रुग्ण येतच राहतात, आणि यायलाच हवेत. त्यांचं बिल वसूल होईलच याची मात्र खात्री नसते.

मग पैशाची ओढाताण पहिल्यांदा दिसते ती स्टोअरमध्ये. हातमोजे, सलाईन, टाक्यांचा धागा पुरवणाऱ्याचं बिल दीड महिन्यात निघायचं, ते तीन महिन्यांवर जातं, मग सहा. हा पुरवठादार बहुतेकदा लहान व्यावसायिक असतो. त्याने माल रोखीने उचललेला असतो, कामगारांचा पगार त्याला महिन्याच्या महिन्याला करावा लागतो, आणि बँकेचं व्याज रोज चढत असतं. एक दिवस तो सांगतो, "आधी जुनं मिटवा, मग नवा माल." त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर कपाट उघडतात, तर साडेसहा नंबरचे मोजे संपलेले. उरलेत ते साडेसात नंबरचे. बोटांच्या टोकाशी सैल राहणारा मोजा घालून बारीक टाका घालणं किती अवघड जातं, हे ज्याने घातलाय त्यालाच विचारा.

हेच देशाच्या पातळीवरही होतं. ग्रीसमध्ये सरकारी रुग्णालयांनी औषध कंपन्यांची देणी इतकी थकवली, की २०१० मध्ये सरकारने त्यांतली बरीचशी रोख पैशांऐवजी सरकारी रोख्यांनी भागवली. २०१२ मध्ये देशाच्या कर्जाची फेरमांडणी झाली तेव्हा त्या रोख्यांचीही किंमत कापली गेली.

आता व्यवसायांकडे येऊ. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, पगारवाढीवर सरकारी मर्यादा आली. कामगार टिकवण्यासाठी कंपन्या आरोग्य विम्यासारख्या सवलती देऊ लागल्या, आणि विमा नोकरीला चिकटला तो आजतागायत. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथली बेकारी १० टक्क्यांवर गेली, तेव्हा लाखो कुटुंबांच्या हातून पगाराबरोबर विम्याचं कार्डही गेलं. ज्यांची नोकरी टिकते त्यांच्या मालकालाही हप्ता जड होतो, कारण उपचारांचा खर्च सहसा महागाईच्या पुढे धावतो. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात याचं एक कारण दाखवून दिलं. कारखान्यात यंत्र आलं की एका माणसाचं उत्पादन वाढतं, पण माणसाने माणसासाठी करायच्या कामाला वेळ तेवढाच लागतो आणि पगार मात्र इतरांबरोबर वाढत जातात. जखमेचं ड्रेसिंग करायला सिस्टरना पूर्वी जेवढा वेळ लागायचा, जवळजवळ तेवढाच आजही लागतो.

मग लहान कारखानदार स्वस्तातली पॉलिसी घेतो, म्हणजे कामगाराने स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा वाढतो. तो कामगार रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागतो. वर्षभराने पक्षाघाताचा झटका येऊन तो तातडीच्या विभागात दाखल होतो. कारखान्याने वाचवलेला हप्ता असा त्याच रुग्णालयाच्या थकबाकीत जाऊन बसतो, आणि रुग्णालय ती पुन्हा पुरवठादाराच्या गळ्यात टाकतं.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो प्रतिबंधाच्या कामावर कात्री चालते तेव्हा. तिथे ओरडणारं कोणी नसतं, म्हणून कात्री तिथे सोपी. अथेन्समध्ये २०११ साली, इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीची लागण अचानक वाढली. स्वच्छ सुया वाटण्याचे कार्यक्रम तेव्हा अगदी तुटपुंजे होते. सुई अगदी स्वस्त असते, आणि एचआयव्हीची औषधं जन्मभर घ्यावी लागतात.

वेगळं करता येतं, हेही सांगायला हवं. १९९७ च्या आर्थिक पडझडीतून थायलंड पुरता सावरला नव्हता, तरी २००२ मध्ये त्याने सर्वांसाठी आरोग्यसेवेचा कायदा केला. नोकरीतून किंवा सरकारी सेवेतून ज्यांना संरक्षण नव्हतं, असे कोट्यवधी लोक त्यात आले. ग्रीसनेही विमा गमावलेल्यांसाठी सरकारी रुग्णालयांचे दरवाजे कायद्याने उघडले, पण २०१६ मध्ये. तोवर तिथल्या कितीतरी घरांत गोळ्या एक दिवसाआड घेणं अंगवळणी पडलं होतं.

नमस्कार.